जहाजांचे शिल्पकार : जमशेटजी बोमनजी वाडिया

कॅमेऱ्याचा प्रसार होण्यापूर्वी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्लंडमध्ये जहाजांची छापील चित्रे मोठ्या हौसेने विकत घेतली जात. चित्रकार मूळ चित्र काढी. मग ते तांब्याच्या अथवा पोलादाच्या पत्र्यावर कोरून किंवा शिळाछापावर उतरवून त्याच्या अनेक प्रती काढल्या जात. या चित्रांची मांडणी बहुधा ठरलेली असे. बंदरातील शांत पाणी, नांगर टाकून उभी असलेली दोन मजली युद्धनौका, गुंडाळलेली शिडे, तोफांच्या खिडक्यांच्या दोन सरळ रांगा, आणि सभोवती किनाऱ्याकडे ये-जा करणाऱ्या लहान होड्या. चित्राखाली बारीक अक्षरांत जहाजाचे नाव, तोफांची संख्या, कप्तानाचे नाव, चित्रकाराचे नाव आणि छापणाऱ्या दुकानदाराचेही नाव असे.

जहाज बांधणाऱ्याचे नाव मात्र तेथे क्वचितच आढळते.

अशा चित्रांतून दिसणाऱ्या ‘कॉर्नवॉलिस’, ‘वेलस्ली’ यांसारख्या ब्रिटिश आरमाराच्या नामांकित युद्धनौका इंग्लंडमध्ये बांधलेल्याच नव्हत्या. त्या मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून आणि एका पारशी गृहस्थाच्या देखरेखीखाली तयार झाल्या होत्या. त्या गृहस्थांचे नाव जमशेटजी बोमनजी वाडिया. मुंबईच्या इतिहासात जमशेटजी नावाच्या कर्तबगार व्यक्ती अनेक होऊन गेल्या, त्यामुळे वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे. ज्यांच्या नावे मुंबईत रुग्णालय आणि कलाशाळा आहे, ते व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई निराळे. आणि पोलाद उद्योगाची मुहूर्तमेढ रोवणारे जमशेटजी टाटा तर त्यांच्याही नंतरचे. आपले जमशेटजी या दोघांच्या आधीचे.

वाडिया हे आडनावच धंद्यावरून पडलेले आहे. गुजराती भाषेत जहाज बांधणाऱ्या सुताराला वाडिया म्हणत. हे घराणे मूळचे सुरतेचे. सतराव्या शतकात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत भरभराटीचे बंदर होते आणि तेथील सुतारांच्या कौशल्याची ख्याती दूरवर पसरली होती. १७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेस एक जहाज बांधून घेतले. त्या कामावरील मुकादम लवजी नसरवानजी यांची हुशारी कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेत भरली आणि त्याने त्यांना मुंबईस येण्याचा आग्रह केला. १७३६ साली लवजी काही निवडक सुतारांना बरोबर घेऊन मुंबईत दाखल झाले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर आंग्र्यांच्या मराठा आरमाराचा दरारा होता. कंपनीला आपल्या व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी लढाऊ गलबते हवी होती, आणि ती दुरुस्त करण्यासाठी स्वतःची गोदीही हवी होती. १७५० साली मुंबईत दगडी बांधणीची सुकी गोदी उभी राहिली. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे, दरवाजे बंद करून पाणी काढून टाकावयाचे, आणि जहाजाचा तळ उघडा पाडून त्याची दुरुस्ती करावयाची, अशी ही सोय होती. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर मोठे असल्याने निसर्गाचेही या कामी साहाय्य झाले.

या लवजींचे नातू जमशेटजी. त्यांचा जन्म १७५४ च्या सुमारास झाला. वडील बोमनजी आणि चुलते माणेकजी हे दोघेही गोदीतच काम करीत. घरातील मुलगा आहे म्हणून जमशेटजींना एकदम वरच्या जागेवर बसविण्यात आले, असे मात्र घडले नाही. लवजी शिस्तीचे कडक होते. जमशेटजी आणि त्यांचे चुलत बंधू फ्रामजी माणेकजी या दोन्ही नातवांना त्यांनी महिना बारा रुपयांवर साध्या सुतारांच्या रांगेत कामाला लावले, असे जुन्या नोंदींत सांगितले आहे. करवत कशी धरावी, वासला कसा चालवावा, लाकडाच्या शिरा कोणत्या दिशेने धावतात हे कसे ओळखावे, या गोष्टी या मुलांनी हाताला घट्टे पाडून शिकून घेतल्या. १७७४ साली लवजी वारले. जवळजवळ चाळीस वर्षे कंपनीची सेवा करूनही त्यांच्या पश्चात एक घर आणि बेताची रक्कम, एवढीच शिल्लक होती. नातवांना त्यांनी दिलेला खरा वारसा हातांतला होता.

जहाजबांधणी हे काम किती गुंतागुंतीचे असते, याची कल्पना आज सहजासहजी येणार नाही. प्रथम जमिनीवर जहाजाचा तळचा कणा आडवा ठेवावयाचा. त्या कण्यावर दोन्ही बाजूंनी, माणसाच्या छातीच्या पिंजऱ्याप्रमाणे, वाकड्या फासळ्या उभ्या करावयाच्या. या फासळ्यांसाठी सरळ लाकूड तासून वाकडे केले तर ते दुबळे ठरते. म्हणून मुळातच योग्य बाक असलेले खोड आणि फांद्या हुडकून काढाव्या लागत. मलबारच्या जंगलांतून तोडलेले सागवान समुद्रमार्गे मुंबईस येई. आलेल्या ढिगातून कोणता ओंडका कोणत्या फासळीला लागेल, हे हेरण्यात प्रमुख कारागिराची खरी परीक्षा असे. नंतर फासळ्यांवर जाड फळ्या ठोकावयाच्या, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरून ते जलाभेद्य करावयाचे, आणि अखेर लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून तळाला तांब्याचे पत्रे मढवावयाचे. दोन मजल्यांवर मिळून चौऱ्याहत्तर तोफा, पाचशेहून अधिक माणसे, त्यांचे कित्येक महिन्यांचे अन्नपाणी आणि दारूगोळा, एवढा भार घेऊन वादळात तग धरणारे हे लाकडी शहरच होते.

सागवानाचा येथे एक मोठा गुण कामी आला. इंग्लंडमधील जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची असत. ओकमधील आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात आणि कालांतराने सांधे ढिले होतात. सागवानात नैसर्गिक तेल असते. ते लोखंडाला गंजू देत नाही आणि लाकडालाही कुजू देत नाही. त्यामुळे मुंबईत बांधलेली जहाजे फार काळ टिकतात, ही गोष्ट कंपनीच्या व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक झाली होती.

१७९० साली बोमनजी आणि १७९२ साली माणेकजी निवर्तले, आणि फ्रामजी व जमशेटजी यांच्याकडे गोदीच्या प्रमुख बांधकामकाराचे पद आले. १८०० साली जमशेटजींनी कंपनीसाठी ‘कॉर्नवॉलिस’ नावाची लढाऊ नौका बांधली. या नौकेविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी हिंदी माणसासाठी जो शिवीवजा शब्द असे, तोच जमशेटजींनी स्वतःसाठी वापरला. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, अशा अर्थाची ओळ त्यांनी जहाजाच्या पोटात, तळच्या तुळईवर, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी कोरून ठेवली. त्या वेळी त्यांनी याविषयी चकार शब्द काढला नाही. पुढे अनेक वर्षांनी ते जहाज दुरुस्तीसाठी गोदीत आले, तेव्हा त्यांनी ती ओळ दाखविली. हकीकत अक्षरशः खरी की लोकांनी रंगविलेली, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण ती इतकी वर्षे सांगितली जात आहे, यावरूनच त्या गोदीतील माणसांच्या मनात काय सलत असेल, हे उघड होते.

याच सुमारास युरोपात नेपोलियनशी युद्ध पेटले होते. इंग्लंडला युद्धनौकांची निकड होती आणि ओकच्या लाकडाचा तुटवडा जाणवू लागला होता. ॲडमिरल्टीचे, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्य कार्यालयाचे, लक्ष साहजिकच मुंबईकडे वळले. १८०२ साली राजाच्या आरमारासाठी मुंबईत युद्धनौका बांधण्याचे ठरले. परंतु एक शंका उपस्थित झाली. व्यापारी जहाजे बांधणे वेगळे आणि शत्रूच्या तोफांसमोर उभी राहणारी आरमारी जहाजे बांधणे वेगळे. हे काम एका हिंदी माणसावर सोपवावे काय? तेव्हा इंग्लंडहून एक गोरा बांधकामकार पाठवावा आणि काम त्याच्या हाती द्यावे, असा विचार पुढे आला. अर्धशतकाहून अधिक काळ जी गोदी एका घराण्याने नावारूपास आणली, तीत जमशेटजींना कोणाच्या तरी हाताखाली उभे राहावे लागणार होते.

तसे घडले नाही. त्यांच्या कामाची माहिती ॲडमिरल्टीपर्यंत पोहोचली, आणि तिने बांधकामकार पाठविण्याचा बेत सोडून देऊन जमशेटजींनाच प्रमुख म्हणून कायम ठेवले. १८०४ साली कंपनीच्या संचालकांनी त्यांच्या निष्ठेची आणि दीर्घ सेवेची पावती म्हणून त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. त्याच वर्षी फ्रामजींचे निधन झाले. पुढे फ्रामजींचे बंधू रुस्तमजी साहाय्याला आले. तरी मुख्य जबाबदारी जमशेटजींच्याच खांद्यावर राहिली.

१८०५ च्या जानेवारीत राजाच्या आरमारासाठी बांधलेली ‘पिट’ ही नौका पाण्यात उतरली. लवकरच तिचे नाव बदलून ‘सॅल्सेट’ ठेवण्यात आले. सॅल्सेट म्हणजे आपली साष्टी. मुंबईची आजची उपनगरे जेथे पसरली आहेत, तेच बेट. साष्टीचे नाव घेतलेली ही नौका थेट उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्रात गेली. १८०८ च्या अखेरीस तेथील हिवाळ्यात ती कित्येक आठवडे बर्फात अडकून पडली, पण फुटली नाही. मलबारच्या उष्ण जंगलातील लाकडाने बर्फाचा दाब सोसला, हे पाहून अनेकांच्या शंका फिटल्या असतील. १८१० साली याच नौकेतून प्रसिद्ध इंग्रज कवी लॉर्ड बायरन तुर्कस्तानच्या प्रवासाला गेला. नौका दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ नांगरून असताना, ३ मे रोजी, तिच्यावरील एका अधिकाऱ्यासह त्याने ती सामुद्रधुनी पोहून पार केली. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे पोहणे ठाऊक असते; ज्या जहाजावरून तो तेथे गेला ते मुंबईचे होते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

मोठ्या युद्धनौकांसाठी जुनी गोदी अपुरी पडू लागली होती. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, १८०७ पासून १८१० पर्यंत, नवी विस्तीर्ण गोदी बांधण्यात आली. तीच डंकन गोदी. १९ जून १८१० रोजी चौऱ्याहत्तर तोफांची ‘मिंडेन’ पाण्यावर आली. पहिल्या फळीत उभी राहून लढणारी एवढी मोठी ब्रिटिश युद्धनौका ब्रिटनच्या बेटांबाहेर प्रथमच बांधली गेली होती. अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिणारा कवी त्या रात्री याच ‘मिंडेन’वर होता, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. तो कवी दुसऱ्याच जहाजावर होता. ‘मिंडेन’चा खरा इतिहास पुरेसा मोठा आहे. १८११ च्या जावाच्या मोहिमेत आणि १८१६ साली अल्जिअर्सवरील तोफमाऱ्यात तिने भाग घेतला. तिला उसन्या गौरवाची गरज नाही.

यानंतर जमशेटजींच्या हातून एकामागून एक जहाजे उतरत गेली. १८१३ मध्ये दुसरी ‘कॉर्नवॉलिस’, ही चौऱ्याहत्तर तोफांची. १८१५ मध्ये ‘वेलस्ली’. १८१७ मध्ये ‘मेलव्हिल’ आणि ‘त्रिंकोमाली’. १८१८ मध्ये ‘मलबार’. १८१९ मध्ये ‘श्रीरंगपट्टण’. यांपैकी ‘त्रिंकोमाली’ची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तिचे आराखडे आणि तळाला मढविण्याचे तांबे घेऊन ‘जावा’ ही नौका इंग्लंडहून निघाली होती. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन युद्धनौकेने तिचा पराभव केला, आणि ‘जावा’बरोबर ते कागदही नाहीसे झाले. आराखड्यांची दुसरी प्रत येईपर्यंत काम थांबले, आणि जहाजाचा कणा ठेवावयास १८१६ साल उजाडले. पारशी रूढीप्रमाणे त्या वेळी कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यावर तरंगू लागली.

इकडे मुंबईच्या जहाजांची कीर्ती वाढत असता तिकडे लंडनमध्ये टेम्स नदीकाठचे जहाजबांधणीचे कारखानदार अस्वस्थ झाले होते. हिंदुस्थानात बांधलेली जहाजे इंग्लंडच्या बंदरांत येऊ दिली तर आपल्या कामगारांच्या पोटावर पाय येईल, अशी त्यांची ओरड होती. हिंदी खलाशांवरही कायद्याने बंधने आली. मुंबईच्या कारागिरांचे कौशल्य हवे, पण त्या कौशल्याची स्पर्धा नको, असा हा व्यवहार होता.

जमशेटजींच्या पश्चात काही वर्षांनी काढलेले त्यांचे एक तैलचित्र इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात आहे. पांढरा पारशी पोशाख, खांद्यावर शाल, हाती मापे घेण्याचा कंपास आणि समोर जहाजाचा आराखडा, अशी ही शांत मूर्ती आहे. तोफा, झेंडे किंवा तलवार यांपैकी काहीही त्यांच्या हाती नाही.

३१ ऑगस्ट १८२१ रोजी जमशेटजींचा अंत झाला. त्या वेळी गोदीत ‘गंगा’ ही चौऱ्याऐंशी तोफांची युद्धनौका जवळजवळ पूर्ण झाली होती. दोन महिन्यांनंतर, १० नोव्हेंबरला ती पाण्यात उतरली. तो सोहळा पाहण्यास ते हयात नव्हते. त्यांचे पुत्र नवरोजी यांनी गोदीचा कारभार हाती घेतला. पुढील पिढीतील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे तरुण १८३८ साली वाफेच्या जहाजांची विद्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. त्याच घराण्यातील आर्देशीर करसेटजी हे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परंतु लाकडाची जागा लोखंडाने आणि शिडांची जागा वाफेने घेतली, तेव्हा मुंबईच्या गोदीचे ते दिवस सरले.

आता एक अवघड गोष्ट. जमशेटजींच्या जहाजांनी पुढे काय केले? १८३९ च्या फेब्रुवारीत ‘वेलस्ली’च्या तोफांनी कराचीचा किल्ला पाडला आणि ते बंदर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढल्याच वर्षी हीच नौका चीनच्या किनाऱ्यावर अफूच्या युद्धात उतरली. हिंदुस्थानात पिकविलेली अफू चीनने विकत घेतलीच पाहिजे, यासाठी हे युद्ध होते. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंग शहराजवळ, यांगत्से नदीत नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर तहावर सह्या झाल्या आणि हाँगकाँग बेट इंग्रजांना मिळाले. त्याच हाँगकाँगच्या बंदरात ‘मिंडेन’ रुग्णालय म्हणून उभी राहिली. तहाच्या या प्रसंगाची चित्रे इंग्लंडमध्ये छापली गेली आणि ती अनेकांच्या दिवाणखान्यात लागली. त्यांत चिनी प्रतिनिधी दिसतात, इंग्रज सेनापती दिसतात. ज्या सागवानी तक्तपोशीवर ते सारे बसले आहेत, ती मुंबईच्या सुतारांनी घातलेली होती. जमशेटजी कंपनीचे नोकर होते आणि हे सारे त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी घडले, त्यामुळे त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण जहाजांचे कौतुक करताना हा भाग झाकून ठेवणेही बरे नव्हे.

‘वेलस्ली’ने मात्र फार दीर्घ आयुष्य भोगले. उत्तरकाळात टेम्स नदीत मुलांना नाविक शिक्षण देणारे जहाज म्हणून ती उभी होती. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४० मध्ये, जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती बुडाली. तेव्हा तिचे वय सव्वाशे वर्षांचे होते. नंतर ती वर काढून मोडण्यात आली.

‘त्रिंकोमाली’ अजूनही पाण्यावर आहे. विसाव्या शतकात बराच काळ ती दुसऱ्या नावाने प्रशिक्षणासाठी वापरली गेली. १९८७ साली तिला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे आणण्यात आले, तेथील दुरुस्ती दीर्घकाळ चालली, आणि १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. ब्रिटनमध्ये तरंगत असलेली ही सर्वांत जुनी युद्धनौका मानली जाते. आज ती संग्रहालय आहे. तिकीट काढून आत शिरणाऱ्यांना वाकून खालच्या मजल्यावर उतरता येते आणि दोन शतकांपूर्वी मुंबईच्या गोदीत उभ्या केलेल्या सागवानी फासळ्यांवरून हात फिरविता येतो.